नसलेल्या खोलीचा दरवाजा

मित्रांनो, मी एक सागवानी दरवाजा आहे. आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तूने स्वतःला जुनं म्हणायची पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे. पण जुनं व्हायला आधी वापरात यावं लागतं! मला कुणी एकदाही उघडलं नाही, कुणी एकदाही लावलं नाही. रागाने आपटून मला कुणी बाहेर गेलं नाही की कडी वाजवून कुणी आत आलं नाही. बिबवेवाडीतल्या एका दुमजली घराच्या कुंपणभिंतीला टेकून मी उभा आहे, अंगावर निळी ताडपत्री आहे. ज्या खोलीसाठी मला घडवलं, ती खोली बांधलीच गेली नाही. ते कसं झालं तेवढं सांगतो. ऐकून काही उपयोग होईल असं मात्र समजू नका.

हे घर बाळकाकांचं आणि कुसुमकाकूंचं. बाळकाका एका शाळेच्या कचेरीत तीस वर्षं मुख्य लिपिक होते. घर छोटंसं. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायची खोली आणि संडास-बाथरूम. मधे अरुंद जिना, तोही वळणाचा. धडधाकट माणसाला काही वाटत नाही. पण एका दिवाळीत, ऐन पाडव्याच्या दिवशी, काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. इस्पितळातून आणल्यावर गल्लीतल्या चार माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. वळणावर त्यांचा खांदा भिंतीला घासला, सालटं निघालं. काका वर पोचले आणि म्हणाले, "बास. आता मला सामानासारखं चढवायचं-उतरवायचं नाही. उतरेन तेव्हा खाली राहायलाच उतरेन."

त्यांना फार काही नको होतं हो. घराच्या बाजूला कुंपणापर्यंत मोकळी जागा होती, तिथे संडास-बाथरूमसकट एक खोली. चाकाच्या खुर्चीतून थेट अंगणात जाता येईल असं दार. अंगणात त्यांनी स्वतः लावलेला सोनचाफा होता, त्याच्याखाली सकाळचा पेपर. आणि अंघोळ. "कुसुम, मला माझ्या हाताने डोक्यावर तांब्या घ्यायचाय," ते म्हणत. "हा डावा हात आहे की अजून! वरच्या त्या चिंचोळ्या बाथरूमात खुर्ची जात नाही, म्हणून तू मला ओल्या फडक्याने पुसतेस. मी काय कपाट आहे?"

म्हणून मी जन्माला आलो. मला घडवलं उत्तरेश्वर मिस्त्रीने. हा गडी मूळचा धाराशिवकडचा, हडपसरला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुकान. खुर्ची सहज जावी म्हणून त्याने मला साडेतीन फूट रुंद केलं. उंबरठ्यावरून मात्र वाद झाला. खुर्चीच्या चाकांना उंबरठा नको, आणि काकू म्हणाल्या, बिनउंबरठ्याचं घर असतं का कुठे? मी हळदकुंकू कुठे वाहू? उत्तरेश्वरने डोकं खाजवलं आणि अर्ध्या इंचाची एक पट्टी केली, दोन्ही बाजूंनी उतरती. "बगा काकू, चाक बी जाईल अन् लक्षुमी बी येईल," तो म्हणाला. काकू खूश झाल्या. काका वरच्या खिडकीतून म्हणाले, "लक्ष्मीला सांगा, आधी परवानगी येऊ दे."

उत्तरेश्वरला परवानगीचं प्रकरण पटतच नव्हतं. "आवो काका, मी काय म्हणतो, आधी बांधून टाका. ह्या गल्लीत कुणी कुणाला इचारलंय का?" आणि खरंच होतं ते. समोरच्यांनी गॅलरी बंदिस्त केली होती, पलीकडच्यांनी गच्चीवर दोन खोल्या चढवल्या होत्या, शेजारी रावसाहेबांची अख्खी मोटार मोकळी सोडायच्या जागेत, पक्क्या छपराखाली उभी होती. पण काका ऐकतील तर शपथ! "गल्लीतले सगळे लाल सिग्नल तोडतात, म्हणून मीही तोडू का? तीस वर्षं मी लोकांचे कागद हाताळलेत. कागद नीट असला की काम होतं." हे वाक्य ते इतक्या विश्वासाने म्हणत की मलाही खरं वाटायचं. मी लाकूड आहे, मला काय कळतंय!

मग अर्ज झाला. काकांची मुलगी अस्मिता, येरवड्याला राहणारी, दर शनिवारी यायची. तिने आमोद नावाच्या आर्किटेक्टकडून नकाशा काढून घेतला आणि सगळं संगणकावरून भरलं. कचेरीतून उत्तर आलं, घराचा मूळ मंजूर नकाशा जोडा. काकांनी तो एकोणचाळीस वर्षं जपला होता, आणि पिवळा पडायला लागला तेव्हा दुकानात नेऊन त्याचं झकास लॅमिनेशन करून आणलं होतं. कचेरीत सांगितलं, लॅमिनेशन केलेला कागद चालत नाही, शिक्का तपासता येत नाही. अस्मिताने विचारलं, मग तुमच्याकडची प्रत बघा ना. ते म्हणाले, आमच्याकडची सापडत नाही, म्हणून तर तुमची मागितली. महिना दीड महिना त्यात गेला, मग त्यांच्याकडची प्रत सापडली. बाजूची जागा नियमाने मोकळी सोडायची, तिथे सवलत हवी म्हणून अपंगत्वाचा दाखला जोडला. रावसाहेबांची ना हरकत आणली. शेवटी आमोदचा फोन आला, "आता फक्त जागेची पाहणी. साहेब येतील, बघतील, झालं."

आणि इथे आमच्या घराने एक चूक केली.

अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. साडेतीन मुहूर्तांतला एक! काकूंच्या मनाने घेतलं की चौकट त्याच दिवशी उभी करायची. खोली काय, होईल मागाहून. पण चौकट मुहूर्तावर उभी राहिली की काम अडत नाही, असं त्यांच्या माहेरी मानत. काका आधी नाहीच म्हणाले. "अगं, परवानगीआधी वीटसुद्धा लावायची नाही." काकू म्हणाल्या, "वीट कुठे लावतेय? नुसती चौकट उभी करतेय. सहा महिने तुम्हाला पुसतेय मी, एवढं माझं ऐका." काकांनी खिडकीतून खालच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, "कर."

उभ्या जन्मात त्या माणसाने नियमाला एवढीच काय ती मुरड घातली असेल. उत्तरेश्वरने माझी चौकट दोन्हीकडून विटांचा आधार देऊन उभी केली, हलू नये म्हणून पायाशी दोन घमेली सिमेंट ओतलं. खाली पंचरत्नाची पुडी, वर आंब्याचा टाळा. पाच सवाष्णींनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, पेढे वाटले. मित्रांनो, त्या दिवशी मी काय मिरवलो म्हणून सांगू! वर खिडकीत काकांनी डाव्या हाताने नमस्कार केला. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच चांगला दिवस.

तिसऱ्या दिवशी पाहणीला साहेब आले. तरुण होते, सभ्य होते. बूट काढून घरात आले, काकूंनी दिलेलं पन्हं प्यायले. मग बाजूला आले आणि माझ्यासमोर थबकले.

"हे काय?"

"चौकट आहे. मुहूर्त होता ना," काकू म्हणाल्या.

"म्हणजे काम सुरू केलंत."

"छे हो! पूजा केली नुसती."

साहेबांनी माझ्या पायाशी वाकून सिमेंट बघितलं. मोबाइल काढून माझे चार फोटो घेतले, आंब्याच्या टाळ्यासकट. अस्मिता त्या दिवशी मुद्दाम रजा काढून आली होती, ती भडकली. "साहेब, ही समोरची गॅलरी बघा. त्या गच्चीवरच्या खोल्या बघा. त्या दिसत नाहीत तुम्हाला?"

"दिसतात ना," साहेब शांतपणे म्हणाले. "पण त्यांचा अर्ज नाही. अर्ज नाही तर पाहणी कशाची करू? तुमचा अर्ज आहे, म्हणून मी तुमच्याकडे आलो."

जाताना ते काकूंना म्हणाले, "मला वाईट वाटतंय, आजी. पण आता बघितलंय मी. बघितलेलं लिहावं लागतं." खोटं वाटत नव्हतं त्यांचं वाईट वाटणं. पण त्या वाईट वाटण्याचा आम्हाला काय उपयोग?

आठवड्याने नोटीस आली. विनापरवाना काम सुरू केलेलं आढळलं, ते सात दिवसांत काढून टाका. अर्ज नामंजूर. हवं तर नव्याने करा. नोटीस बाळकाकांच्या नावाने होती. ती त्यांनी तीनदा वाचली आणि घडी घालून उशीखाली ठेवली. काकू त्यांच्या पायाशी बसून रडल्या. "माझ्यामुळे झालं. मीच मेली मुहूर्त मुहूर्त करत बसले." काका म्हणाले, "तुझ्यामुळे नाही गं. मी हो म्हटलं." पण त्या दिवसापासून काकूंनी पंचांग कपाटावर टाकलं, ते पुन्हा काढलं नाही.

मला उपटलं. उपटलं हाच शब्द, कारण सिमेंट फोडताना माझ्या चौकटीचा एक पाय पिचला. उत्तरेश्वर खाली मान घालून काम करत होता. जाताना मला ताडपत्रीत गुंडाळून सुतळी बांधली आणि म्हणाला, "काकू, लाकूड एक नंबर हाय. परवानगी आली की फोन करा, त्याच दिशी येतो." तेव्हापासून मी भिंतीला टेकलेला.

नवा अर्ज गेला. या वेळी सही अडली. काकांचा उजवा हात गेलेला, त्यांनी डाव्या हाताने सही केली, आणि ती जुन्या कागदांवरच्या सहीशी जुळेना. अर्जदाराने खात्री पटवण्यासाठी समक्ष यावं, असं पत्र आलं. काकू स्वतः कचेरीत गेल्या. खिडकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, ते खाली उतरू शकत नाहीत म्हणूनच तर खोली मागतोय." आतला माणूस म्हणाला, "मग मुखत्यारपत्र करा." त्यासाठीही घरी येऊन सही बघणारा माणूस लागतो. त्यासाठी वेगळा अर्ज. त्या अर्जावर पुन्हा काकांची सही. घरी येऊन काकूंनी हे सांगितलं तेव्हा काका हसले. डाव्या गालाने. मग म्हणाले, "कुसुम, कागद नीट होता गं." एवढंच बोलले आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर ते खिडकीशी फारसे आले नाहीत. सोनचाफा बहरला, ओसरला. अस्मिता दर शनिवारी येऊन संगणक उघडायची. अर्ज विचाराधीन. पुढच्या शनिवारी अर्ज विचाराधीन. पडून पडून पाठीवर जखमा झाल्या, तरी काकू ओल्या फडक्याने पुसतच होत्या. मला सगळं ऐकू यायचं. मी साडेतीन फूट रुंद, सहज खुर्ची जाईल असा, आणि मी त्यांना भिंतीबाहेर आणू शकत नव्हतो. खोली नसेल तर दाराचा काय उपयोग हो?

पौषात एका सकाळी बाळकाका गेले. गल्लीतल्या चार माणसांनी त्यांना चादरीत घेऊन जिन्यावरून उतरवलं. वळणावर खांदा पुन्हा भिंतीला घासला. या वेळी ते काही बोलले नाहीत.

अंगणात चाफ्याखाली अंघोळ घालायचं ठरलं. खाली फळी हवी होती. माणसं इकडेतिकडे शोधायला लागली, तेव्हा काकू उठल्या आणि माझ्यापाशी आल्या.

"हे घ्या," त्या म्हणाल्या.

अस्मिता म्हणाली, "आई, अगं दार आहे ते!"

"त्यांच्याच खोलीचं आहे."

रावसाहेबांनी सुतळी कापली, ताडपत्री काढली. मला चार विटांवर आडवं ठेवलं आणि माझ्यावर बाळकाकांना झोपवलं. चांगले हलके झाले होते. काकूंनी तांब्या घेतला, पण लगेच पाणी घातलं नाही. काकांचा डावा हात उचलला, तांब्याला लावला, वर आपला हात धरला, आणि मग दोघांनी मिळून त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. सगळं पाणी माझ्या अंगावरून अंगणात गेलं.

तेराव्यानंतर अस्मिताच्या मोबाइलवर निरोप आला. अर्जदार समक्ष हजर न राहिल्याने अर्ज निकाली काढण्यात आला आहे. तिने तो काकूंना वाचून दाखवला. काकू म्हणाल्या, "बरं."

उत्तरेश्वर भेटायला आला होता. टेम्पो घेऊनच आला होता बिचारा. म्हणाला, "काकू, एका गिऱ्हाईकाला असंच दार पायजे. इथं पडून सडंल. नेऊ का?" काकूंनी मान हलवली. "नको रे. त्याच्यावर अंघोळ झालीय त्यांची. असं दार कुणाच्या घराला लावतात का?" उत्तरेश्वरने मला हात लावून नमस्कार केला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

तर मित्रांनो, मी आता कुणाच्याच घराचा नाही. खालच्या बाजूने वाळवी लागली आहे, मला जाणवते. गल्लीत परवा आणखी एक गच्ची बंदिस्त झाली, कुणी विचारलं नाही. अशा गोष्टीच्या शेवटी विनंती करतात. माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही, ती वेळ गेली. पण तुमच्या घरात वरच्या मजल्यावर कुणी असेल, ज्याला खाली येता येत नाही, तर खोली होईल, कागद येईल, मग बघू, असं म्हणत बसू नका. आजच जिना चढून वर जा. त्यांच्या हातात तांब्या द्या.