पूल न पेललेला खांब

मित्रांनो, यॉसूच्या खाडीत पुलाखालून होडीने गेलात, तर खांबांच्या रांगेबाहेर एक बुटका, गंजलेला पोलादी खांब दिसेल. तो मी. माझ्यावर पूल नाही. तरीही मी ताठ मानेने उभा आहे.

पोहांगच्या कारखान्यात जाड पत्रे वाकवून, जोडून मला घडवले. मी चाचणीचा खांब. समुद्रतळाची माती किती भार पेलेल, ते आधी स्वतः मार खाऊन सांगणे हेच माझे काम.

तराफ्यावरचा प्रचंड हातोडा डोक्यावर आदळू लागला आणि मी भिजल्या मातीत काठी रुतावी तसा सरसर खाली गेलो. माझ्या अंगावरची मापके प्रत्येक घाव टिपत होती. मोजणी करणाऱ्या नाम येरीनने ते आकडे साहेबांपुढे ठेवले. माती मला धरतच नव्हती. मोठे साहेब म्हणाले, इथे पूल होणे नाही. खाडीपलीकडच्या बेटावरची माणसे वीस वर्षे ज्याची वाट पाहत होती, तो पूल माझ्यापायी जाणार. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

हातोड्याचा मुकादम कू बोंगसिक त्याच बेटावरचा. वादळात बोट बंद म्हणून त्याची आई दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती. तो येरीनला म्हणाला, "पोरी, आपण ढवळलंय म्हणून चिखल रुसलाय. जरा निवू दे, मग बघ कसा धरतो."

"मलाही तेच वाटतंय, काका. पण साहेबांना वाटून चालत नाही, आकडा लागतो."

"मग आकडा घे की. तू दिवस मागून घे, हातोडा मी अडवून ठेवतो."

तिने पंधरा दिवस मागितले, दहा मिळाले. तेही तिने स्वतःच्या सहीवर घेतले. ढवळलेली माती हळूहळू घट्ट होत मला बिलगली. अकराव्या सकाळी पुन्हा घाव बसले. दहा घावांत मी बोटभरही हललो नाही. येरीनने आकडे दोनदा तपासून कागद पुढे केला. बोंगसिकने तो वाचला नाही. हातमोजा काढून त्याने माझ्या पत्र्यावर तळवा टेकवला.

माझ्या त्या साक्षीवर पुलाचे साठ खांब रोवले गेले. त्यांना दरवर्षी रंग मिळतो. मला मात्र शिंपल्यांनी वेढले आहे, आणि हा बिनकामाचा खांब कापून काढा, असेही कुणी म्हणते.

मित्रांनो, माझा गंज खरवडून रंगाचा एक हात द्या. आणि कुणी पहिल्या घावाला खचला, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. त्याला दहा दिवस द्या.