धाकटीचा जप

थोरल्या जाऊबाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि शाळा घरी आली. खिडकी किती उघडावी, टॉवेल कुठल्या बाजूनं वाळत घालावा, सगळ्याला नियम. धाकटी जाऊ तोंडावर ब्र काढायची नाही. पाठ वळली की मात्र ओठांतल्या ओठांत तोंडाचा पट्टा सुरू. थोरल्या बाईंना ऐकूच येत नव्हतं, मग भीती कुणाची? दोघींचेही नवरे गेलेले, घरात उरलं कोण, तर या दोघी.

त्या हलणाऱ्या ओठांवरून बाईंनी एक समजूत करून घेतली होती. धाकटी आपल्याला आयुष्य लाभावं म्हणून जप करते. शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, पाठची बहीण करणार नाही इतकं ही करते. ऐकून धाकटी ओशाळायची, पण खरं सांगायला जीभ रेटायची नाही. पोटी मूल नसलेल्या बाईंना तेवढाच एक आधार होता.

मग धाकटीच्या सासरी असलेल्या लेकीनं हौसेनं मोठ्या आईसाठी कानाचं मशीन आणलं. बाईंना शेजारच्यांचा गळका नळसुद्धा ऐकू यायला लागला, आणि त्यांनी तो दुरुस्त करायला लावला. धाकटीनं तोंडाला कुलूप घातलं. जन्माची पुटपुटणारी बाई ती, तिचा जीव गुदमरून गेला.

काही दिवसांनी बाईंचं जेवणावरचं मनच उडालं. विचारलं तर म्हणाल्या, "तू जप सोडलास. माझा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले का गं?"

धाकटीनं परोपरीनं समजावलं आणि गोळी पुढे केली. बाईंनी पाणी कोमट नाही म्हणून पेला परत दिला. तो घेऊन वळताना धाकटीच्या तोंडून सवयीनं निसटलंच, "हिला काय धाड भरलीय? ही बया आपल्या सगळ्यांना पुरून उरणार."

मशीन बाईंच्या कानातच होतं. धरणीनं पोटात घ्यावं, असं धाकटीला झालं.

"इतकी वर्षं हेच म्हणत होतीस?"

खोटं बोलण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. "हेच, बाई. रोज."

बाईंनी वही तपासावी तसं ते वाक्य मनाशी तपासलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मला आयुष्यच मागत होतीस की. एक चूक आहे फक्त. त्या सगळ्यांतून तुझं नाव काढ. तुझ्यामागे उरून मी करू काय?"

धाकटीला पेला हातात धरून तिथंच रडू फुटलं.