समुद्राच्या जागी माणसं

कागदाच्या कडेची भोकं... बारीक, गोल, प्रिंटरच्या दातांत अडकून एकामागून एक वर सरकणारी — आणि कुमुदची नजर त्यांच्यावरच खिळलेली, कारण मधे करकरत उमटणाऱ्या आकड्यांकडे बघायचा तिला धीर होत नव्हता.

हिमयुगातल्या कोकणात माणसं किती — उत्तर शून्यच आलं तर? "हिमयुगात इथला पाऊस पार आटला होता," तिचे मार्गदर्शक सर भर परिसंवादात हसले होते. "ना हाडं, ना हत्यारं. माणसंच नव्हती, तर बाई मोजणार कुणाला?" ते हसणं उरात घेऊन तिनं वर्षं काढली — कॉलेजातले तास, डबे, मुलाच्या, निनादच्या परीक्षा, आणि दुपारी पनवेलच्या या कॉम्प्युटर क्लासमधलं रिकामं मशीन. फ्लॉपीवर परदेशातून आलेलं वीस हजार वर्षांपूर्वीचं हवामान. कुठं किती पाऊस, त्यावर किती गवत, त्यावर किती हरणं, त्यांच्यावर किती माणसं जगतील... या खेपेला तिनं एकच गोष्ट बदलली होती. तेव्हा समुद्र खूप खाली गेला होता, म्हणून तिनं किनारा पश्चिमेला लांब ढकलला आणि उघडी पडलेली जमीन, तिच्यावरून वाहणाऱ्या नद्यांसकट, हिशेबात धरली.

प्रिंटर थांबला. तिनं पाहिलं. सह्याद्रीच्या पायथ्याशी जवळजवळ कुणी नाही — सरांचं खरंच होतं. पण पुढं, आज लाटा आहेत तिथं... हजारो! माणसं संपली नव्हती. हटत्या पाण्याच्या मागं गेली होती.

तिनं एसटी स्टँडसमोरच्या बूथवरून फोन लावला.

"सर, माणसं होती."

"पुन्हा चालवून बघ."

"बघितलं. तेच येतंय."

"आणि पुरावा?"

"समुद्राखाली असेल."

"हा अंदाज आहे, कुमुद."

"हो सर. पण शून्य नाही."

सर हसले नाहीत. "सोमवारी घेऊन ये सगळं. नीट बघू."

बाजारात नेहमीच्या कोळणीनं, कृष्णाबाईनं, माशांच्या टोपलीवरचं फडकं उचललं. "काय गो ताई, आज लय खुशीत?"

"पूर्वी तुमच्या समुद्रात माणसं राहायची, कृष्णाबाई."

"समुद्रात? मंग मासं कुठं व्हतं?"

कुमुद खळखळून हसली, भर बाजारात, कुणाची पर्वा न करता. आणि हसता हसताच — कोण असतील त्या बाया, पोरं काखोटीला मारून मावळतीकडे चाललेल्या? मी त्यांना मोजलं... की नुसतं कल्पिलं? सोमवारी सर हेच विचारतील. विचारू देत. आजवर तिला स्वतःच्या शंकेची धास्ती वाटायची. आता तीच शंका तिला पुढं ओढत होती, आणि पाय जमिनीवर ठरत नव्हते.