काजळी निघाल्यावर

बनुबाईंनी मातीची वडी साबणाच्या पाण्यात बुडवली आणि फियाटच्या बॉनेटवर शेवटचा हात फिरवला. आधी खरखर लागली, मग वडी लोण्यावरून गेल्यासारखी सरकली. उलटून पाहिलं तर तिच्या पोटाला काळे कण चिकटले होते. कारखान्याच्या धुराड्याची ही राख नुसत्या धुण्यानं कधीच निघाली नव्हती. जहाजावर नोकरीला असलेल्या राजवर्धननं ही वडी जपानहून आणली होती आणि कशी वापरायची ते आईला दाखवून तो पुन्हा बोटीवर गेला होता.

आता रंगावर मातीचा नि साबणाचा राखाडी, ओशट थर बसला होता. तो न धुता मेण लावलं तर सगळी घाण आतच कोंडली असती. त्यांनी बादलीतलं पाणी बदललं, कोरं फडकं घेतलं आणि त्या टपापासून खाली धुवायला लागल्या. थोड्या वेळात लोणंदचं गिऱ्हाईक येणार होतं. नवरा, तात्याबा, वारल्यापासून गाडी छपरात नुसती उभी होती. ती गंजवण्यापेक्षा विकलेली बरी, असं बनुबाईंनी ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की त्या मागं बघत नसत.

"वैनी, लय बेस काम चाललंय."

धाकटे दीर नानासो कुंपणापाशी उभे होते. शेताची वाटणी झाल्यापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं होतं. नानासो दिसले तर चार शब्द बोलत. त्यांची बायको चंद्राबाई मात्र तात्याबांच्या आजारपणातही उंबऱ्यात आली नव्हती.

"या की भावजी. बसा."

नानासो बसले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी मागचं दार उघडलं, तळव्यानं सीट दाबून पाहिली आणि दार हळूच लावलं.

"गिऱ्हाईक ठरलं म्हणं?"

"आज येतंय."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"चंद्रीला मिरजेला न्यावं लागतंय. क्यान्सरवर लाईट देत्यात तिला. यष्टीनं न्हेतो. खड्डा आला की दोन्ही हातानं दांडी धरून बसती. काय बोलत न्हाई. तिनं मला लावून दिल्यालं न्हाई, वैनी. उलट जाऊ नका म्हणली."

बनुबाईंचा हात दारावर थांबला. तात्याबांना सांगलीला नेताना गाडी बनुबाईच चालवायच्या. आष्ट्याच्या अलीकडं रस्ता उखडलेला. तिथं त्या गिअर असा बदलत की मागं निजलेल्या माणसाला कळू नये. त्यांनी फडकं घट्ट पिळलं आणि उरलेलं दार कोरडं पुसून काढलं.

तेवढ्यात गिऱ्हाईक मोटरसायकलवरून आलं. त्यानं बॉनेटवर बोटं फिरवली आणि पुन्हा फिरवली.

"मावशी, आरशावानी झालीय."

"गाडी द्यायची न्हाई, पाव्हणं. तुमाला उगंच फेरा पडला. च्या घेऊन जावा."

"दुसरं कोण आलं व्हय?"

"घरचंच हाय."

चहा पिऊन तो गेला. बनुबाईंनी मेणाचा डबा उघडला. नानासो अजून तिथंच होते, मान खाली घालून.

"डायवर बगतो मी," ते म्हणाले.

"डायवर कशाला? त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा मला ठावं हाय."

"आन् ती न्हाई म्हणली तर?"

बनुबाईंनी कापसावर मेण घेतलं आणि दारावर गोल गोल चोळायला सुरुवात केली.

"माझ्यासंगं बोलायचं नसंल तर नको बोलू म्हणावं. नुस्ती येऊन बस."