खालचं कुरण

माझा नवरा स्त्राहिल वारला तेव्हा चरायला बंद ठेवलेलं खालचं कुरण कमरेइतकं वाढलं होतं. एक तुकडा चारायचा, मग तो बंद करून पुढचा उघडायचा. बंद तुकड्यात मुळं खोल जातात आणि हवेतला कार्बन मातीत साठतो, हे त्याचं वेड होतं. शरदात माती तपासायला माणसं येणार होती. माती सुधारलेली निघाली तर गावाचं सामाईक कुरणही असंच चारायचं, नाहीतर तिथं नांगर घालायचा, असं ठरलं होतं.

आमच्या डोंगरात माणूस गेलेल्या घराची गुरंढोरं चाळिसाव्या दिवसापर्यंत शेजारी बघतात. मी घरात बसून होते. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. धीर कसला, बधिर झाले होते.

चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावानं उकडलेला गहू वाटून झाला आणि मी खाली गेले. कुरण पार बोडकं झालेलं. आमच्या मेंढ्या मुळाशी दात लावून चरत होत्या. त्या सांभाळणारा शेजारी, स्त्राहिलचा जिवलग मेतोदी, कुंपणाला टेकून उभा होता.

"एवढं गवत वाया चाललं होतं, वहिनी. मीच आत सोडल्या," तो म्हणाला.

खरं तर चिडायला हवं होतं, पण तेही जमेना. मुळं अजून जिवंत असतील तर मेंढ्या आजच्या आज बाहेर काढायला हव्या, एवढंच सुचलं. मी फाटक उघडलं, हाका मारल्या, काठी आपटली. एकीनंही मान वर केली नाही.

"त्या त्याच्याच हाकेवर हलतात," मेतोदी म्हणाला.

"मग मार की तशी. लहानपणापासून त्याच्या नकला करतोस."

तो बुटांकडे बघत राहिला. "रोज बघतो मारून. तोंडातून निघतच नाही. म्हणून तर इथंच राहिल्या."

ती हाक म्हणजे घशात अडकलेला घास खाकरून काढल्यासारखी. त्यावरून मी स्त्राहिलला जन्मभर चिडवलं. आता घसा साफ केला आणि तश्शीच मारली.

सगळ्या माना एकदम वर झाल्या. मेंढ्या धावत आल्या, पण माझ्याकडे कुणी बघेना. फाटकातून जाताना प्रत्येक मेंढी माझ्या पाठीमागं बघत होती.

मीही वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. तेव्हा मला रडू आलं.