पांढऱ्या सोंगट्या कुणाला?

निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते आणि बाई जुना कोड उपसत बसल्या होत्या. अख्खी हयात संगणकाला बुद्धिबळ शिकवण्यात गेली. आता विद्यार्थ्यांच्या हवाली करायचं तर नीट आवरून द्यायचं, हा त्यांचा हट्ट.

तिथेच माशी शिंकली. तीस वर्षांपूर्वीची चाचणी होती ती. चाल निवडायची एक पद्धत बाईंची, दुसरी त्यांच्या दादाची. दोघांचे प्रोग्रॅम एकमेकांशी हजार डाव खेळले आणि बाईंचा थोडक्यात जिंकला. त्या थोडक्यावर बाईंना नोकरी मिळाली, नाव झालं. दादाने मुकाट्याने संशोधन सोडलं आणि शाळेत गणित शिकवायला लागला. आणि आता बघतात तर काय, हजारच्या हजार डावांत पांढऱ्या सोंगट्या बाईंच्याच प्रोग्रॅमला! पहिली चाल पांढऱ्याची, तेवढा फायदा शेंबड्या पोरालाही कळतो.

बाईंनी बाजू आलटूनपालटून सगळे डाव पुन्हा लावले. दुपारपर्यंत निकाल आला. दादा जिंकला होता, तोही चांगलाच.

गप्प बसल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण इतकी वर्षं आपण भावाच्या ताटातलं खाल्लं, ही बोच घेऊन घरी कसं बसायचं? कबुलीचं पत्र छापून त्या थेट दादाकडे गेल्या. तो शिकवणीच्या वह्या तपासत होता.

त्याने पत्र दोनदा वाचलं. कान लाल झाले.

"म्हणजे मी हरलो नव्हतो?"

"नाही रे दादा. चूक माझी. माफ कर."

"तुझी कुठली, वेडे? चाचणी मी लिहिली होती. लहानपणी पांढऱ्या मिळाल्या नाहीत की तू पट उधळायचीस. आई म्हणायची, धाकटी आहे, दे तिला. हाताला सवयच लागली असणार."

बाईंना रडू आवरेना. दादा उठला, पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग लाल पेन उचलून त्याने पत्रातल्या 'माझी चूक' वर काट मारली.

"चूक दादाची, असं लिही," तो म्हणाला. "आणि जिंकलो मी, हेही लिही. मोठ्या अक्षरात लिही."