सशांपुरते जपानी

“अहो साहेब, मी कागदाचे ससे करते. मी कुठली आले दुभाषी?” स्टोअरबाई हात झटकत म्हणाल्या.

“जपानी शिकताय ना? सगळा कारखाना सांगतो.” मॅनेजर घड्याळाकडे पाहत होते. “पाहुणे येऊन बसलेत आणि दुभाष्याची गाडी वाटेत बंद पडलीय. दुपारपर्यंत वेळ मारून न्यायची, बस. चला.”

साहेबांच्या तर्कात ढोबळ चूक होती. कागदाची होडी करणाऱ्याला कोणी जहाजाचे सुकाणू देत नाही. पण गरजवंताला अक्कल नसते, आणि वरिष्ठाला तिची उणीव जाणवत नाही. बाईंनी स्टोअरला कुलूप घातले आणि त्या निमूट मागोमाग निघाल्या.

पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात बाई सुटे भाग सांभाळत. राहायला थोरल्या भावाकडे होत्या. दादाही याच कारखान्यात, मोटारींना तांब्याची तार गुंडाळणाऱ्या वाइंडिंग विभागात होता. संध्याकाळी घरी गेले की बाई मोबाइल डब्याला टेकवून ठेवीत आणि रंगीत कागद पसरीत. पडद्यावर एका वयस्क जपानी शिक्षिकेचे फक्त दोन हात दिसत. आवाज मात्र असा, की आजारी मुलाला गोष्ट सांगावी. ससे, पेंग्विन, हसऱ्या चेहऱ्याचे ढग. बाईंनी आधी नुसते हात पाहिले, मग त्या शब्द पुटपुटू लागल्या. इथे दुमडा. कान वर ओढा. पोट फुगवा. पुढे एक पुस्तक आले, मग लिपी आली. ‘कशासाठी शिकता?’ असे कोणी विचारले, तर ‘कशासाठीच नाही’ हे उत्तर त्या काहीशा ताठ्यानेच देत. आयुष्यात एक तरी गोष्ट अशी असावी, की जिचा जाब द्यावा लागू नये, असे त्यांचे मत होते आणि ते खोडून काढणारे त्यांना कोणी भेटले नव्हते.

“वन्सं,” वहिनी म्हणे, “घरात माणसं तीन आणि ससे दीडशे. आता गाजरं पोत्यानंच आणायची का?”

त्या दिवशी सकाळी कामावर येताना मात्र दादा गप्प होता. फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, “त्या दुसऱ्या कारखान्यातला फोरमन, माझा मित्र, आज संध्याकाळपर्यंत जागा अडवून धरणार आहे. इकडचं काही खरं नाही म्हणतो. पण या वयात तिकडं जाऊन नव्यानं पोरासारखं उभं राहायचं? आणि हा माझा बाक?” 

आता बाई बैठकीच्या खोलीत, कारखान्यात भागीदारी घ्यायला आलेल्या दोन जपानी पाहुण्यांसमोर उभ्या होत्या. त्यांनी नमस्कार-चमत्कार केले, हवा छान असल्याचे सांगितले, आणि शब्द संपले तेव्हा टेबलावरचा कोरा कागद उचलून ससा केला. थोरल्या पाहुण्याने टाळी वाजवली. “कावाई!” किती गोड! त्याने सशाला आपल्या चहाच्या कपाशेजारी बसवले आणि बाईंचा ऊर भरून आला. ज्यांची भाषा, त्यांनीच कौतुक करावे, एवढे त्यांनी कधी मागितलेही नव्हते.

मग पाहुण्यांनी कारखान्याचा नकाशा उलगडला आणि ते आपसांत हलक्या आवाजात बोलू लागले. बहुतेक बोलणे बाईंच्या डोक्यावरून गेले. पण मधूनच, ओळखीच्या माणसाने गर्दीत हात करावा तसे काही शब्द थेट त्यांच्याकडे आले. ‘कोको कारा’, इथून. ‘हानबुन’, अर्धे. ‘किरु’, कापणे. आणि शेवटी, ‘इरानाइ’: नको. हातात कात्री घेतली की शिक्षिका हेच शब्द बोलत असे. थोरल्या पाहुण्याचे बोट स्टोअरच्या दारापासून निघून नकाशावर सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले. त्या बोटापलीकडे वाइंडिंग होते.

“काय म्हणत होते?” बाहेर आल्यावर मॅनेजरांनी विचारले.

“अर्धा कारखाना कापायचा म्हणत होते, साहेब. पलीकडचा नको म्हणाले.”

मॅनेजरांनी आधी खोलीचे दार ओढून घेतले. “तुम्हाला नीट कळलं नाही, बाई. ते पंपाच्या झाकणाबद्दल बोलत होते. आणि हे बाहेर बोलू नका.”

झाकणासाठी कारखान्याचा नकाशा कशाला लागतो, हे मनात घोळवत बाई स्टोअरकडे परतल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दादाला कोपऱ्यात गाठले आणि सगळे सांगितले.

“साहेब काय म्हणाले?”

“झाकणाबद्दल बोलत होते म्हणाले.”

“मग झालं की!” दादा हसला. “अगं वेडे, तुझं जपानी म्हणजे सशाच्या कानांपुरतं. त्यावर मी चालता बाक सोडू?”

“दादा, हसू नकोस. तू तिकडं हो म्हण.”

“बरं, छातीठोक सांग. नक्की तेच म्हणाले?”

खोटे बोलणे बाईंना जमत नव्हते आणि खरे त्यांच्यापाशी पुरेसे नव्हते. चार शब्द त्यांचे होते. त्यांच्या मधली सगळी जागा अंधारी होती. त्या एवढेच म्हणाल्या, “मला तसं वाटलं.”

“वाटण्यावर घर चालत नाही, बाळा.” दादाने त्यांच्या डोक्यावर टपली मारली, फोन काढला आणि त्यांच्यासमोरच मित्राला सांगून टाकले, “नाही रे, माझं इथंच बरं आहे. तू बघ दुसरं कोणी.” बोलून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती पाहून बाईंनी मान वळवली.

पुढच्या महिन्यात सूचना लागली. मोटारी यापुढे तयारच येणार होत्या, वाइंडिंग बंद. मित्राकडची जागा कधीच भरली होती. घरी दादाने बाईंना एका शब्दाने काही म्हटले नाही. त्याने रागवावे म्हणून बाई दोन दिवस त्याच्या आसपास घुटमळल्या, पण तो पेपर वाचत राहिला.

मग एका सकाळी देखभालीचा कारागीर पिवळ्या पट्टीचे भेंडोळे घेऊन आला. मधली भिंत कुठे उभी राहणार, त्याची खूण जमिनीवर करायची होती. स्टोअरच्या दाराशी त्याने पट्टीचे टोक चिकटवले आणि भेंडोळे उलगडत तो पार पलीकडे गेला. तिथून त्याने हाक मारली, “दादा, हे जरा ताणून धरता का?”

दादाने हातातली तार खाली ठेवली. जवळ जाऊन तो गुडघ्यांवर बसला, एक डोळा मिटून त्याने दूरवर स्टोअरच्या दारापर्यंत नजर लावली. दारात बाई उभ्या होत्या.

“वाकडी जातेय,” तो कारागिराला म्हणाला. “थोडी माझ्या बाकाकडे घे.”

आणि पट्टी सरळ झाल्यावर, तिच्याखाली हवा राहू नये म्हणून अंगठ्याने ती दाबत दाबत, तो गुडघ्यांवरच बाईंच्या दिशेने पुढे येऊ लागला.